मद्रासी, हजर

मुलीच्या चऱ्होलीच्या शाळेत ‘विविधता दिन’ होता. पालकांनी आपल्या बालपणीच्या शाळेतला एखादा परप्रांतीय मित्र सोबत आणावा, अशी सूचना आली. तिथली फी परवडणारी मुलं एकाच साच्यातली, त्यामुळे विविधता बाहेरून मागवावी लागत असणार. माझा जिवलग बाकमित्र मद्रासचा आहे, आणतोच त्याला, असं मी मुलीला छातीठोकपणे सांगून बसलो. तिनं ते वर्गभर केलं.

रविवारी सकाळी त्याला शोधायला रहाटणीहून स्कूटर काढली. आमची लहानपणीची शाळा पत्र्याची, पण वर्गात अख्खा देश. कारखान्यांनी जिथून जिथून माणसं आणली, तिथली पोरं आमच्या बाकांवर. आम्ही मोठ्या मनानं सगळ्यांना सामावून घेतलं होतं: एक लातूर, एक भय्या, एक मद्रासी. मी गावातला, म्हणून मला नाव होतं.

मोशीच्या चौकात ट्रकांच्या धुरात अर्धा तास उभं राहून प्रगती जवळून पाहिली. मग चाकण ओलांडून महाळुंगे गाठलं. बाकमित्र तिथं कामगारांसाठी खाणावळ चालवतो, एवढंच कानावर होतं. टपरीवरच्या आजोबांना विचारलं, खाणावळवाला मद्रासी कुठं भेटेल?

“नाव काय त्याचं?” ते चहा गाळत म्हणाले.

मला ठाऊक नव्हतं. सात वर्षं एका बाकावर बसलो, त्याच्या डब्यातला लिंबूभात रोज अर्धा मीच संपवला, आणि नाव ठाऊक नव्हतं.

“नाव न्हाई ठाव आन् म्हनं मैतर,” आजोबा म्हणाले आणि त्यांनी कंपनीच्या गेटाकडे बोट दाखवलं.

त्यानं मला दारातच ओळखलं. “दत्तात्रय सोपान, ये. हात धू.” पुढ्यात शेंगोळे (कुळथाच्या पिठाचे रश्शात शिजवलेले वेढे) आले. माझ्या घरी आता कुणाला जमत नाहीत, इतके झकास. मद्रास त्यानं अजून पाहिलेलं नाही. घर राजमहेंद्रीचं, आंध्रातलं. एवढी चौकशी करायला मी पंचेचाळिशी गाठली.

मी कार्यक्रमाचं सांगितलं. तो पंच्याला हात पुसत राहिला.

“तू मॉनिटर होतास. हजेरी तूच घ्यायचास. माझा नंबर आला की मद्रासी म्हनायचास, आन् मी हजर म्हनायचो.”

हजेरीपटावर त्याचं नाव लांबलचक होतं, मी ते कधी पुरतं वाचलंच नाही. जीभ अडखळली असती तर वर्ग मला हसला असता, म्हणून ही सोय. मला लाज वाटली.

“येईन मी,” तो म्हणाला. “पन मद्रासी म्हनून न्हाई.”

मी शाळेचा फॉर्म पुढे केला. मित्राच्या नावाच्या रकान्यात त्यानं वळणदार मराठीत लिहिलं आणि म्हणाला, वाच. वीरवेंकट सत्यनारायण कोप्पुला. मी दोनदा अडखळलो.

“हजर,” तो म्हणाला. हसला मात्र नाही.

परतताना मोशीला पुन्हा तीच कोंडी. हेल्मेटच्या आत मी नाव घोकत राहिलो. सात वर्षं अवघड वाटलेलं ते नाव सिग्नल तिसऱ्यांदा हिरवा होईपर्यंत पाठ झालं होतं.