छोट्या फोनचं पान

माझी मुलगी लातूरला क्लासमध्ये शिकवते, असं वडिलांनी मुदखेडमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मी शिकवत नव्हते. क्लासची वेबसाईट सांभाळत होते. पण वेबसाईट म्हणजे काय आणि ती सांभाळायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे रेल्वेत पॉइंट्समन म्हणून जन्म काढलेल्या माणसाला समजावून सांगणं मला कधी जमलं नाही. फोनवर ते विचारायचे, "काय करून राहिलीस?" मी म्हणायचे, "काम करून राहिले, बाबा." तेवढ्यावर आमचं भागायचं.

लातूर हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते भूकंपात. लहान होते. गणपती बुडवून आल्यानंतरची पहाट होती. फळीवरचे डबे एकमेकांवर वाजले, आई उठून बसली आणि वडील कूस बदलत म्हणाले, "मालगाडी असंल, झोप." नंतर कितीतरी दिवस आमच्या वस्तीतल्या विहारात चादरी, ज्वारी, जुने कपडे गोळा होत होते. माझा एक फ्रॉकही त्यात गेला. कुठं चाललंय हे सगळं, म्हणून विचारलं की मोठी माणसं म्हणायची, "लातूरला." त्यामुळं लातूर म्हणजे पडलेलं गाव, असं डोक्यात बसलं होतं. नांदेडला कॉम्प्युटरची पदवी घेऊन नोकरीसाठी एसटीतून उतरले, तर इथं जिकडंतिकडं इमारतींवर मजले चढत होते. खाली मेस, वर होस्टेल, मधल्या मजल्यावर क्लास. चौकाचौकात डॉक्टर होणाऱ्या मुलांचे फोटो असलेले फ्लेक्स. सकाळी सायकलींच्या घंटा, दुपारी डब्यांचा वास, संध्याकाळी टँकरमागं घागरींची रांग. त्या शहराचा मला लळा कधी लागला, ते सांगता येणार नाही.

आमचे सर केमिस्ट्री शिकवायचे. क्लास त्यांचाच. तापट होते, पण ऐकून घ्यायचे. दर रविवारी सकाळी परीक्षा आणि संध्याकाळी वेबसाईटवर निकाल, असा त्यांचा शिरस्ता. वेबसाईटच्या माथ्यावर आदल्या वर्षीच्या यशस्वी मुलांचा लांबरुंद फोटो होता आणि त्याखाली अभिनंदनाची अक्षरं सरकत राहायची. ती सरकती पट्टी मीच केली होती आणि मला तिचा अभिमान होता.

एका रविवारी दुपारी एक बाई ऑफिसात आल्या. गुलाबी पातळ, हातात कापडी पिशवी, पिशवीत मुलीसाठी आणलेला डबा. औसा भागातल्या एका गावात त्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. गाव भूकंपानंतर नवीन वसवलेलं. त्यांची मुलगी आमच्याकडं अकरावीला होती, शेजारच्याच होस्टेलवर राहायची.

"मॅडम, पोरीचे मार्क फोनात दिसत्यात म्हणं. माज्यात काय दिसंना झालंय."

त्यांचा फोन बटणांचा होता. हैदराबादला कामाला असलेल्या भावानं पाठवलेला, पाठीमागचं झाकण रबरानं धरलेलं. मी पत्ता टाकला. फोननं खूप वेळ घेतला आणि शेवटी 'पान फार मोठं आहे' अशा अर्थाची इंग्रजी ओळ दाखवून तो गप्प बसला.

"रोज असंच करतोय," त्या म्हणाल्या. "बॅलन्स तेवढा खातोय."

त्यांना मी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर मार्क दाखवले आणि त्या गेल्या. पण मला ते लागून राहिलं. एक गोष्ट मला कॉलेजपासून माहीत होती, तिचा उपयोग मात्र कधी केला नव्हता. फोन असो की कॉम्प्युटर, एखादं पान मागताना तो नुसतं मागत नाही. सोबत आपली ओळख सांगतो. मी अमक्या कंपनीचा, अमक्या मॉडेलचा, माझ्यात हा ब्राउझर आहे. सर्व्हर, म्हणजे वेबसाईट जिथं ठेवलेली असते तो कॉम्प्युटर, ती ओळ टिपून ठेवतो. त्या दिवशी मी पहिल्यांदा बसून आमच्या सर्व्हरवरच्या ओळी वाचल्या. वाचता वाचता मला माझ्या सरकत्या पट्टीची लाज वाटायला लागली. रविवारी संध्याकाळी निकाल बघायला येणारे बहुतेक फोन बटणांचे होते. ते यायचे, तो मोठा फोटो मागायचे, अर्ध्यात दमून सोडून द्यायचे, पुन्हा मागायचे. माणसं दारात येऊन परत जात होती आणि आत आम्हाला पत्ताच नव्हता.

मी सरांकडं गेले. माझं बोलणं पुरं व्हायच्या आतच ते म्हणाले, "फोटो काढायचा नाही."

"काढत नाही, सर. मोठ्या कॉम्प्युटरवर आहे तसंच राहील. छोट्या फोनला मात्र नुसती अक्षरं द्यायची. फोन आपली ओळख सांगतोच, सर्व्हर ती बघून ठरवेल कुणाला काय द्यायचं."

"त्याला कळतं ते?"

"आपण सांगून ठेवलं तर कळतं."

"मग सांगून ठेव," सर म्हणाले आणि खडू घेऊन वर्गात गेले.

वाटलं होतं तितकं ते सोपं निघालं नाही. ब्राउझर लोकांची गंमत अशी, की आपली ओळख सांगताना ते आधी दुसऱ्याच एका जुन्या ब्राउझरचं नाव घेतात, नाहीतर सर्व्हर आपल्याला आत घेणार नाही अशी त्यांना भीती. त्या काळात बाजारात आलेले चायनाचे मोबाईल तर सरळ खोटं बोलायचे. मोठ्या आवाजाचे ते फोन स्वतःला नामांकित कंपनीचे म्हणवून घ्यायचे. मी ओळखीच्या लोकांकडून फोन मागून आणायचे, एकेकावर पान उघडून बघायचे. मराठी अक्षरांच्या जागी कित्येक फोनांवर नुसते चौकोन उमटायचे, म्हणून शेवटी मराठी शब्दच इंग्रजी अक्षरांत लिहिले. पानावर मुलाचा नंबर, विषयवार मार्क, एकूण, आणि सगळ्यात खाली हजर की गैरहजर.

पुढच्या खेपेला त्या बाई आल्या तेव्हा मुलगीही सोबत होती. फोनवर पान लगेच उघडलं. बाईंनी ते हातात धरून बघितलं, मग मला विचारलं, "आता कसं काय उघडलं हो?" मी उत्साहानं सगळं सांगितलं. तुमचा फोन आपलं नाव सांगतो, सर्व्हर ओळखतो आणि त्याला झेपेल तेवढंच पाठवतो. त्यांना इंग्रजी अक्षरं येत नव्हती, आकडे येत होते. म्हणून हजरचं पहिलं अक्षर मी ओळखायला शिकवलं. "दोन उभे खांब आणि मधे आडवी तुळई. ते दिसलं की पोरगी हजर." त्या हसल्या. मुलगी हसली नाही, हे माझ्या तेव्हा ध्यानातच आलं नाही.

काही आठवड्यांनी ती मुलगी एकटीच माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. ऑफिसात आम्ही दोघीच होतो.

"मॅडम, सर्व्हरला फोन ओळखता येतो ना?"

"हो."

"मग आईच्या फोनला दुसरं पान द्या ना."

"दुसरं म्हणजे?"

"मार्क थोडे जास्त असलेलं."

मी कामातून मान वर केली. ती चेष्टा करत नव्हती. ओठ घट्ट मिटून, नजर टेबलावर ठेवून उभी होती.

"अगं, त्याला फोन कुठला ते कळतं. कुणाचा ते नाही. तसला फोन जिल्ह्यात शेकडो लोकांकडं असेल. सगळ्यांच्याच पोरांचे मार्क वाढतील."

तिला हसू फुटलं आणि त्याच श्वासात रडू. मी तिला खुर्चीवर बसवलं. हळूहळू निघालं ते असं, की हुशार मुलांच्या वरच्या बॅचमध्ये गेले असं तिनं घरी सांगितलं होतं. दिवाळीपासून फिजिक्स डोक्यावरून जात होतं. आधी निकाल फोनवर दिसत नव्हता तोवर निभावलं. आता दर रविवारी आईला दिसत होता.

"रागावली का आई?"

"तेच तर," ती म्हणाली. "काहीच बोलत नाही. जेवलीस का, पाणी येतंय का होस्टेलला, एवढंच विचारती. मी वाट बघते की आता बोलंल, आता बोलंल. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

खोटं पान मी करणार नव्हते, हे तिलाही आतून ठाऊक असावं. "आईशी बोल," असं मी सांगितलं. ती "हाव" म्हणाली आणि गेली. पण रविवारी आई डबा घेऊन आली तेव्हा ही खोलीवरून खाली उतरेना. बाई आमच्या जिन्याच्या पायरीवर वाट बघत बसल्या. मी बाहेर जाऊन त्यांच्या शेजारी बसले. मी विचारलं, "पान उघडतं ना आता?"

"उघडतंय की. दर रविवारी बघते."

"मार्क कमी पडतायत तिचे. घाबरलीय ती."

"मार्क बघते मी. कमी हायत ते बी कळतंय. आकडा येतो मला." पदरानं त्यांनी डब्याचं झाकण पुसलं. "पर आधी ते दोन खांब बघते. ते दिसले की मग खालचं वरचं काय आसंल ते आसंल."

मग त्यांनीच सांगितलं, अंगणवाडीतल्या खिचडीबद्दल बोलावं तशा आवाजात.

"हिच्या आधी मला दोन लेकरं होती, मॅडम. भूकंपात गेली. मालक बी गेले. हिच्या बापाचं बी तसंच झालतं, समदं घर गेलतं. लोकांनी आमचं दोघांचं जमवून दिलं. मग ही झाली."

समोरून सायकली चालल्या होत्या. बाई तिकडं बघत पुढं बोलल्या.

"भूकंपानंतर तंबूत शाळा भरायची. मास्तर जुन्याच पटावरनं हजेरी घ्यायचे. दुसरा पट कुठनं आणतेत? नाव घ्यायचे, थांबायचे, मग पुढचं नाव. माज्या दोघांची बी नावं घ्यायचे. मी तंबूच्या बाहेर उभी ऱ्हायची. लोक म्हणायचे, येडी झाली का काय, कशाला ऐकती? पर दुसऱ्याचं लेकरू 'हजर' म्हणलं ना, ते बी कानाला लई बरं वाटायचं."

वर जिन्याच्या वळणावर मुलगी उभी होती. होस्टेलची गच्ची आणि आमचा जिना जोडलेला होता, तिकडूनच आली असावी. किती वेळ उभी होती कोण जाणे. आपल्याला दोन भावंडं होती हे तिला माहीत होतं. तंबूचं माहीत नव्हतं. ती उतरून आईच्या खालच्या पायरीवर बसली.

"आई, मी खोटं बोलले तुला."

"म्हायती हाय. जेव आधी."

मी उठायला लागले तर बाईंनी हाताला धरून बसवलं आणि अर्धी भाकरी, वर शेंगदाण्याची चटणी माझ्याही हातावर ठेवली. मुलगी मान खाली घालून जेवत होती. मधेच आई म्हणाली, "आन आब्यास बी कर जरा. दोन खांबावर डाक्टर न्हाई करत कुणी." तेव्हा आम्ही तिघीही हसलो.

दुसऱ्या दिवशी मी छोट्या फोनच्या पानावर हजेरीची ओळ तळातून काढून सगळ्यात वर ठेवली. सरांनी ते बघितलं आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "निकालाचं पान आहे. मार्क वर पाहिजेत." मी पायरीवरचं बोलणं जमेल तसं सांगितलं. सरांनी पान पुन्हा एकदा उघडून बघितलं. मग म्हणाले, "मोठ्यावर मार्कच वर ठेव. छोट्यावर तू म्हणतेस तसं राहू दे."

त्यानंतरच्या रविवार संध्याकाळी मला अजून आठवतात. लाईट गेलेली असायची, इन्व्हर्टरवर एकच कॉम्प्युटर चालू, आणि पडद्यावर फोनांच्या ओळी एकामागून एक उतरत असायच्या. कुठला कुठून आलाय ते त्या ओळीत नसायचं. मी मनानंच ठरवायचे, हा निलंग्याचा असेल, हा देगलूरचा. बाईंच्या फोनसारखी ओळ आली की वाटायचं, बघितले त्यांनी खांब. दुसऱ्या कुणाचाही असू शकत होता तो. तरी बरं वाटायचं.

मुलीनं अभ्यास केला, मार्क सुधारले, पण मेडिकलला नंबर लागला नाही. निकालाच्या दिवशी ती रडली. तिच्या आईनं तिला घेऊन गंजगोलाईच्या बाजारात बांगड्या भरल्या आणि दोघी संध्याकाळच्या एसटीनं गावी गेल्या. नंतर तिनं नांदेडला फार्मसीला प्रवेश घेतला. तोवर माझंही लग्न होऊन मी नांदेडला आले होते. कधीमधी ती घरी यायची आणि माझ्या सासूबाईंच्या गोळ्यांच्या वेळा लावून द्यायची.

मोठ्या पडद्याचे फोन आले तशी पानं स्वतःच रुंदी बघून आपला आकार बदलायला लागली. फोनला नाव विचारायची फारशी गरज उरली नाही. क्लासनं ॲप काढलं आणि माझं ते नुसत्या अक्षरांचं पान कुणीतरी बंद केलं. ते मला खूप उशिरा कळलं. वाईट वाटलं, पण कुणाला सांगावं असं ते दुःख नव्हतं. वडील तर शेवटपर्यंत मी शिकवते असंच सांगत राहिले.

गेल्या वर्षी लातूरहून येताना वाट वाकडी करून रेणापूरला गेले. तिथं तिचं औषधांचं दुकान आहे. आई आता तिच्याकडंच असते. मला बघून बाई काउंटरच्या आतून उठल्या. "लातूरच्या मॅडम आल्या," असं त्यांनी दुकानात उभ्या असलेल्या सगळ्यांना सांगितलं आणि मला मागच्या खोलीत नेऊन ताटात धपाटे आणि दही वाढलं. मुलीला बोलायला सवड नव्हती. गिऱ्हाईक येतच होतं. एक माणूस खोकल्याचं औषध मागत होता.

"कुणाला पाहिजे?" तिचा आवाज आत येत होता. "लेकराला? किती वर्षांचं हाय? ताप हाय का?"

बाई माझ्या ताटात आणखी एक धपाटा टाकत होत्या आणि कान देऊन ते ऐकत होत्या, तंबूबाहेर उभ्या राहून हजेरी ऐकायच्या तशा.