शहादेवची मूठ

नांदूरघाटच्या रंगारआळीत शहादेव ठसे कोरायला बसला की त्याच्या पाठीकडं बघवत नसे. चाबकाचे वळ, एकावर एक. तो आप्पाराव देशमुखांची मेंढरं राखायचा, आणि आप्पाराव म्हणजे काय विचारता! मेंढरू लंगडलं तरी चाबूक, पाणी पाजायला उशीर झाला तरी चाबूक. निजामाचं राज्य तिकडं हैदराबादेत. नांदूरघाटात राज्य आप्पारावांचं.

दुपारी मेंढरं सावलीला बसली की हा गडी रामकिसन उस्तादाकडं पळायचा. उस्ताद कापडावर नक्षी छापणारे रंगारी. त्यांच्या हाताखाली तिघं शिकायची: शहादेव, उस्तादाचा भाचा त्रिंबक आणि सुताराचा गहिनीनाथ. त्या साली बीडला सरकारी नुमाइश, म्हणजे प्रदर्शन, भरणार होती आणि तिथं जाजमाच्या नव्या नक्षीची शर्यत होती. एका उस्तादाच्या शागिर्दांनी मिळून नक्षी करायची. जिंकतील त्यांना औरंगाबादला राहून-खाऊन हुन्नर शिकायला मिळणार. बाकी दोघांची ती हौस होती. शहादेवाला मात्र चाबकाखालून निसटायची तेवढी एकच वाट होती.

"औरंगाबादेला निघालास व्हय बे?" आप्पारावांनी विचारलं. "कसा जातोस तेच बघतो." आणि चाबूक काढला.

नक्षी पळसफुलांची ठरली. काळ्या रेघेचा ठसा शहादेवानं कोरला, फुलात भरायच्या लाल रंगाचा त्रिंबकानं, कडेच्या वेलीचा गहिनीनाथानं. काळ्या रेघेत लाल असा बसायला हवा की केसाएवढी फट राहू नये. एक ठसा बिघडला की तिघांची मेहनत मातीत. कोरून झाल्यावर तिन्ही ठसे करडीच्या तेलात बुडवून ठेवले. लाकूड पोटभर तेल प्यालं की मगच ते रंगाला टिकतं.

बीडला निघायचा दिवस तोंडावर आला. जाजमावर काळी रेघ तेवढी छापून झाली होती. शहादेवानं लाल ठसा उचलला. ठसा उभा चिरला होता.

तेवढ्यात त्रिंबक आला.

"कुठं गेलतास?"

"आप्पारावांकडं. रंगवलेला पटका द्यायला. कावून?"

झालं! पुढचं ऐकायला शहादेव थांबलाच नाही. त्यानं त्रिंबकाच्या पोटात लाथ घातली, केसाला धरून त्याला फरफटत दगडापाशी नेलं. "विकलंस बे मला? किती दिलं त्यानं?" त्रिंबक ओरडत होता, गहिनीनाथ मागून ओढत होता. शहादेवानं त्रिंबकाचा उजवा हात दगडावर दाबला आणि कोरताना मारायची लाकडी मोगरी घातली. एकदा, दोनदा, पुन्हा. बोटांची हाडं वाळल्या तुराट्यांसारखी मोडली.

उस्ताद धावत आले. भाच्याचा हात पाहून त्यांनी मोगरी हिसकली ती शहादेवाच्या तोंडावरच हाणली. मग पडलेला ठसा उचलून त्याची चीर नाकाशी धरली.

"आत तेल मुरलंच न्हाई. उन्हानं चिरलाय हा. तेलातनं काढला कुणी?"

गहिनीनाथ रडतरडत म्हणाला, "शहादेवा, तूच काढलतास की! लवकर वाळू दे म्हनून पत्र्यावर ठिवलतास."

खरं होतं. जन्म गेला मेंढराची ओली कातडी उन्हात पसरण्यात. ओलं दिसलं की उन्हात टाकायचं, मेंढक्याचा हात दुसरं काय करणार? शहादेवानं दगडावर कपाळ आपटलं ते रक्त येईस्तोवर.

नुमाइश झाली, ह्यांचं जाजम गेलंच नाही. पारावर पंच बसले. आप्पाराव दोरी घेऊनच आले होते.

"गडी माझा हाय. ह्याची चामडी मी सोलतो."

हात गळ्यात बांधलेला त्रिंबक उठला. "हात माझा मोडलाय, मालक. कामाचा हात मोडला तर मोडणाऱ्यानं आपला हात द्यायचा, त्याच्यासाठी राबायचं, हा गावचा रिवाज. तुमच्या वडलांनीच पंच म्हनून बसून घातलेला. मला ह्याचे हात पायजेत. जन्मभर."

पंचांनी माना डोलावल्या. बापाचा शब्द आप्पाराव चारचौघांत कसा मोडणार? आप्पारावांनी शहादेवाच्या तोंडावर एक शेवटचा चाबूक ओढला, थुंकले आणि निघून गेले. शहादेव सुटला. कुणाच्या जिवावर सुटला, ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

शहादेवानं लाल ठसा नव्यानं कोरला आणि ह्या खेपेला त्याला पोटभर तेल पाजलं. अर्धवट जाजम पुन्हा पसरलं. छापताना एका हातानं ठसा धरायचा आणि दुसऱ्या हाताची मूठ त्यावर हाणायची. त्रिंबकाला आता डावाच हात उरला होता. त्यानं ठसा काळ्या रेघेवर नेमका धरला.

"मार."

शहादेवाची मूठ वर गेली ती खाली येईना. खाली त्रिंबकाची धडधाकट बोटं होती.

"न्हाई मारवत मला."

"मार बे! रंग वाळतोय."

शहादेवानं डोळे मिटले आणि मूठ हाणली. त्रिंबकानं ठसा उचलला. लाल काळ्यात बरोबर बसला होता. त्यानं ठसा पुन्हा रंगात बुडवला, पुढच्या फुलावर धरला आणि बोटं तसूभर न हलवता म्हणाला, "मार."