मामंजी आणि बॉयलरच्या झडपा

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, चहासुद्धा वास घेतल्याशिवाय पीत नसत. संस्थानाच्या काळात जव्हारच्या भातगिरणीत ते बॉयलर सांभाळत. लोक पाठीमागे त्यांना संशयीबाबा म्हणत, आणि कोण कोण म्हणतं याचाही त्यांना संशय असे. मला मात्र त्यांची फार माया वाटे.

माणसांपेक्षा झडपांवर त्यांचा अविश्वास जास्त. "पितळ दिसायला गोजिरं, पण फार तापलं की मऊ पडतं. बिडाचं ओतीव लोखंड ताठ, पण न सांगता तडकतं," म्हणायचे. पाणी आत घेणारी, वाफ कमी-जास्त करणारी, प्रत्येक झडपेला काठी टेकवून काठीला कान लावायचे.

सर्वांत मोठा संशय दांडीच्या झडपेवर. बॉयलरवर एक आडवी दांडी, तिच्या टोकाला वजन. दाब साठ रत्तलांवर गेला की वाफ दांडी उचलून बाहेर पडायची. "हिच्यावर चिमणी बसली तरी मला सांगा," अशी ताकीद होती.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली. दसरा उलटून भट्टी पेटली, तरी झेंडूच्या माळा तशाच होत्या. देवाच्या माळेला हात लावायला मामंजीही धजले नाहीत. त्या दिवशी काटा साठाच्या पुढे गेला तरी दांडी हलेना. मामंजींनी भट्टीतले निखारे भराभर बाहेर ओढले, वर चढले. माळांखाली दांडीला नारळ बांधलेला!

भट्टीत लाकडं घालणारा पोशेरा गावचा लाडक्या समोरच होता. मामंजी त्याच्यावर ओरडले, "तूच! जादा दाबाने गिरणी पळवून काम लवकर उरकावं म्हणून वजन वाढवलंस!"

"नाय वो बाबा, माना काय ठावा नाय."

मुकादमाने त्याला तिथल्या तिथे काढून टाकलं. शेतातली नागली, म्हणजे नाचणी, घरात यायला अवकाश होता; तोवर त्याच्या पोराबाळांना गिरणीच्याच मजुरीचा आधार. घोंगडी उचलून तो निघाला.

एवढ्यात सासूबाई आणि मी भाकरी घेऊन पोचलो. सगळं ऐकून सासूबाईंनी भाकरी खाली ठेवल्या. "अहो, नारळ मी बांधला. रोज त्या दांडीची धास्ती घेता, म्हटलं तिची ओटी भरावी."

मामंजी अनवाणीच धावले. काळजीने मीही मागे गेले. मोखाड्याच्या रस्त्याला त्यांनी लाडक्याला गाठलं. "चुकलो रे. परत चल."

लाडक्या थांबला, पण वळला नाही. "बाबा, उद्या आजून कायतरी बांधलेला सापडल, तवा?"

लाडक्या उतार उतरून गेला, तो पुन्हा गिरणीत आला नाही.

घरी आले तेव्हा मामंजींचे डोळे लाल होते. भट्टीच्या धुराने, म्हणाले. भट्टी तर केव्हाच विझली होती.