केतकीचे शेवटचे प्रकरण

प्रा. शालिनी मोहरीर यांना मी प्रथम पाहिले ते अमेरिकेत, ॲन आर्बरच्या इस्पितळात. आमची मुलगी केतकी त्यांची विद्यार्थिनी. मॅडम तिच्या उशाशी बसून तिच्याच प्रबंधाची पाने हळू आवाजात वाचत होत्या आणि ती डोळे मिटून चुका सांगत होती. आठवड्याने केतकी गेली. शेवटचे प्रकरण लिहायचे राहिले.

मॅडमनी उमेदीची सारी वर्षे कॅरिबियन बेटांवरच्या बंडांच्या अभ्यासात घातली. आफ्रिकेतून धरून आणलेली, उसाच्या मळ्यांतून डोंगरात पळालेली माणसे हा त्यांचा विषय. त्या ‘गुलाम’ लिहीत नाहीत, ‘गुलाम केलेली माणसे’ लिहितात. मॅडमच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांच्या संशोधनाविषयी जाणकार लिहितीलच. मी मोटारींच्या कारखान्यातला निवृत्त इंजिनिअर. मला एकच गोष्ट सांगता येईल.

केतकी गेल्यावर मी त्यांना विनंती केली, की ते प्रकरण तुम्ही लिहा आणि पुस्तक तिच्या नावाने छापा. त्यांनी नकार दिला.

“देवधर, मी ज्यांच्यावर काम करते त्यांच्या तोंडी कायम दुसऱ्यांनीच शब्द घातले. केतकीच्या तोंडी मी घालणार नाही.”

मला ते फार लागले. वर्षभर मी त्यांचे फोन घेतले नाहीत.

एका शनिवारी बर्फातून गाडी चालवत त्या जवळच्या नोव्हाय गावी आमच्या दारात आल्या. शेवटच्या प्रकरणासाठी केतकीने काढलेल्या टिपणांची खोकी आमच्याकडेच होती; ती लावायला त्या आल्या होत्या. मी काही बोलायच्या आत माझी पत्नी म्हणाली, “आत या, गारठला असाल.” त्यानंतर हिवाळाभर दर शनिवारी मॅडम आमच्या जेवणाच्या टेबलावर टिपणे लावत बसत. एकदा मदत म्हणून मी पेन काढले.

“पेन खिशात ठेवा. दप्तरखान्यात जुन्या कागदांना पेन लावू देत नाहीत, आणि वडिलांचं तर मुळीच नाही.”

पत्नी कित्येक महिन्यांनी हसली.

पुस्तक निघाले. शेवटच्या प्रकरणाच्या जागी केतकीची टिपणे जशीच्या तशी आहेत. शेवटचे वाक्य अर्ध्यावर थांबते. मी ते पुष्कळदा वाचतो. ते तिचेच आहे, एवढे मला नक्की ठाऊक असते.

मॅडमची दृष्टी आता अधू झाली आहे. शनिवारी मी ॲन आर्बरला जाऊन त्यांच्या विद्यार्थ्यांचे कागद त्यांना वाचून दाखवतो. त्या डोळे मिटून चुका सांगतात.

त्यांना निरोगी आणि दीर्घ आयुष्य लाभो. शनिवारी मला दुसरीकडे कुठे जायचे नसते.