मोरीत पाय घसरला

अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल. चौथीपर्यंतच शिकले. हे कोणाला दाखवायचं नाही, तरी माफी मागते. सवय आहे.

टेंभी नाक्याजवळ वकिलांचं ऑफिस. अजून तीन माणसं बसलेली. वकील म्हणाले, "मावशी, केस बाजूला करा. टाके कुठे पडलेले, बघू." मी पदर काढला, केस फाकवले. त्यांनी मोबाईलवर फोटो काढला. म्हणाले, "छान. हे कामाला येईल."

छान. तीस वर्षं मी भांग दुसरीकडे पाडून ती खूण झाकली होती.

माझ्या मुलाने त्याच्या बायकोला मारून टाकलं. डोंबिवलीच्या खोलीत, भरदुपारी. गुन्हा शाबीत झाला होता, शिक्षा ठरायची होती. सरकारी वकील फाशी मागत होत्या. लहानपणी बाप आईला मारायचा, ते बघून मुलाचं डोकं बिघडलं, हे पटवलं तर फाशी टळेल, असं आमच्या वकिलांचं म्हणणं. खोटं नव्हतं. नवरा स्वतः मरेपर्यंत मला मारत होता. मुलगा पलंगाखाली शिरायचा. पण तुला किती लागलं, असं मला कधी कोणी विचारलं नव्हतं. पहिल्यांदा विचारलं, तेही त्याच्यासाठी.

"विचारेन तेवढंच बोला. तुमच्या मुलीचं नाव काढू नका."

"का?"

"तीही त्याच घरात वाढली ना? विठ्ठलवाडीला नीट संसार करतेय. कोर्ट म्हणेल, मग याला काय झालं?"

मी मान हलवली. जन्मभर तेच केलं.

कल्याण कोर्टात विचारलं तेवढं सांगितलं. पट्टा, लाथा, टाके. मग सरकारी वकीलबाई उठल्या. हातात माझा दवाखान्याचा जुना केसपेपर. टाक्यांचा पुरावा म्हणून आमच्याच वकिलांनी लावलेला.

"यात लिहिलंय, मोरीत पाय घसरून पडल्या."

मी पदर डोक्यावर ओढला.

त्यांनी दुसरा कागद काढला. सुनेचा, ती गेली त्याच्या आदल्या वर्षीचा. हात मोडला होता तेव्हाचा. त्यातही तेच. मोरीत पाय घसरला.

"सासू-सुनेचा पाय एकाच मोरीत घसरतो का हो? डॉक्टरांना हे कोणी सांगितलं?"

मागे कोणीतरी हसलं.

"मी," म्हटलं. "दोन्ही वेळा मीच. ती खरं सांगायला तोंड उघडत होती. मी तिचा दंड दाबला."

आमचे वकील म्हणाले, "मावशी, पुरे."

मी थांबले नाही. "साहेब, मुलगीपण त्याच पलंगाखाली होती. भावाचे कान तीच झाकायची. अजून भांडं पडलं तरी दचकते. तिने कोणाचा जीव घेतला नाही."

जन्मठेप झाली. मुलाचं बालपण वाईट गेलं हे कोर्टाने मानलं, म्हणून फाशी नाही. पण तेवढ्याने केलेला खून हलका होत नाही, असंही लिहिलं. लेकीने वाचून दाखवलं. माझ्यावर एक ओळ होती. 'आरोपीच्या आईला मारहाण होत असे.' एवढ्या वर्षांची एक ओळ. तीही त्याच्या हिशेबात.

पोलीस नेताना मुलगा म्हणाला, "गप्प बसायला काय झालेलं तुला?"

आता अपील आहे. वकिलांनी परवा माझ्या जबानीचा कागद पाठवला, खाली फुली मारून. सही इथे. कागदात पट्टा आहे, टाके आहेत. मुलगी नाही. सून नाही.

दमले आहे. कोर्टाच्या पायऱ्या चढवत नाहीत. मुलगा माझा आहे, त्याला भेटायला तुरुंगात जाते, जात राहीन. वरचं कोर्ट बोलवेल तर तिथेही जाईन, सगळं सांगेन. माझ्या सांगण्याने त्याची शिक्षा कमी होवो नाहीतर वाढो.

कागद तसाच परत पाठवला. अर्ध्या खऱ्यावर माझी सही मिळणार नाही.