मिठाची शपथ

रस्त्यात दगड बसवता बसवता आलादारचे पाय लुळे पडले. हातातला हातोडा सुटेना, बोटं आखडली. मुकादमाला वाटलं, पिऊन आलाय. इस्पितळात रक्त तपासलं तेव्हा कळलं, त्याची मूत्रपिंडं मीठ, पोटॅशियम, मॅग्नेशियम धरूनच ठेवत नाहीत. सगळं लघवीवाटे जातं. दुखणं जन्माचं. बरं होत नाही, रोजच्या गोळ्यांवर आणि भरपूर मिठावर सावरून धरायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भावंडांनाही असू शकतं."

त्याची धाकटी बहीण इर्मा लहानपणी मिठाचे खडे चघळायची. आता ती नदीपलीकडे, त्यांच्याच रोमा जमातीच्या वस्तीत सून होती. रविवारी तो तिकडे गेला. ती पाणी भरत होती. बादली उचलताना बोटं वाकडी होत होती.

"दादा, घरात बोलू नकोस. रोगट रक्ताची म्हणून परत धाडतील."

"आणि या बादलीपाशीच पडलीस तर?"

जेवताना त्याने सांगून टाकलं. सासू एतेलने चमचा आपटला.

"म्हणजे खोटं नाणं आमच्या गळ्यात बांधलंत! तरीच म्हटलं, खारवलेल्या कोबीच्या बरणीतलं खारं पाणी कोण संपवतंय."

"मावशी, हे एकट्या आमच्याकडून पोरांत उतरत नाही. आई-बाप दोघांकडून यावं लागतं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय."

इर्माची चार वर्षांची झुझा कोपऱ्यात बरणी तोंडाला लावून बसली होती. सगळ्यांनी पाहिलं. इर्माच्या नवऱ्याने मान खाली घातली. एतेलने नातीच्या हातातली बरणी काढून घेतली आणि मुलाकडे पाहिलं.

"उद्या दोघींना मीच इस्पितळात नेते. पण हे भिंतीबाहेर गेलं तर माझ्या मुली बिनलग्नाच्या राहतील. मेलेल्या आईची शपथ घे, कुणापाशी बोलणार नाहीस."

मेलेल्याची शपथ रोमा लोकांत कोणी मोडत नाही. आलादारने इर्माच्या वळलेल्या बोटांकडे पाहिलं आणि शपथ घेतली.

परतताना वस्तीच्या टोकाला एक बाई नवऱ्यावर खेकसत होती. "बोकडासारखा मीठ चाटत बसलाय! लाकडं फोड म्हटलं की पोटऱ्या आवळतात म्हणे. आळशी मेला!"

नवरा पायरीवर पोटऱ्या चोळत होता. तळहातावर मीठ होतं.

आलादार थांबला. त्याने तोंड उघडलं.

"काय रे बाबा, काय हवंय?" बाईने विचारलं.

"काही नाही."

खिशातली गोळी त्याने कोरडीच गिळली आणि तो चालू लागला.