उकळलेला दर्या

धाकू चोगले मूळचा हर्णैचा. घराणं पिढ्यान् पिढ्या होडीवर वाढलेलं, आणि हा मात्र पिंपरीला औषधाच्या नव्या कारखान्यात हवेच्या यंत्रावर. तिथे मोठाल्या टाक्यांत बुरशी वाढवत आणि तिच्यापासून इंजेक्शनचं औषध करत. त्या बुरशीला अखंड हवा लागे. ती हवा गाळून, तिच्यातले जंतू मारून मग टाकीत सोडायची, हे धाकूचं काम. एक जंतू आत गेला की अख्खी टाकी नासली म्हणून समजा. ही धास्ती त्याच्या अंगात इतकी मुरली होती की घरी जेवायला बसतानाही तो दोनदा साबण लावी.

शिफ्ट सुटली की पाय ओढत काळेवाडीच्या दोन खोल्यांत यायचं. हातातला घास हातात राही आणि त्याचा डोळा लागे. बायको अंबू तो घास काढून ताटात परत ठेवी.

नारळी पुनवेला दर्याला नारळ देताना लेक शेजारी असावा, एवढीच त्याच्या बापाची, आबाजीची, हौस. पण दर श्रावणात गावचं कुणी भेटलं की धाकूचा निरोप ठरलेला, "बाला सांगा, यंदा जमत नाय. कंपनीत काम हाय." हा निरोप सलग दोन वर्षं गेला. मग माघात एकटा म्हातारा धक्क्यावर घसरला, गुडघा धरून दीड दिवस घरात विव्हळत पडला. शेजारणीने दार लोटलं म्हणून वाचला. धाकूने जाऊन त्याला उचलूनच आणलं.

आणलं खरं, पण म्हातारा रुजेना. दिवसभर भिंतीकडे तोंड. दोन घास खाई आणि ताट सारी. ज्येष्ठात एकदा म्हणाला, "पुनवेआधी मना हर्णैला पोचव. मंग मी थितंच ऱ्हाईन."

"थितं पानी कोन देईल तुला?"

"हितं कंचा दर्या हाय? असता तर ऱ्हायलो असतो."

म्हातारा बोलून गेला, आणि धाकूने ते धरूनच ठेवलं. थकलेल्या माणसाला भांडायचं त्राण नसतं. त्याला करता येण्याजोगं एखादं काम दिसलं की तो त्याला जुंपतो. मुंबईत काचेच्या पेटीत समुद्राचे मासे जिवंत ठेवलेले त्याने पाहिले होते. टाकीत हवा सोडून जीव जगवणं हा तर त्याचा रोजचा धंदा. बाप पुन्हा एकटा त्या घरात पडायला नको, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

त्याने लोखंडी पट्ट्यांची अडीच फुटी चौकट करून घेतली, तिला जाड काचा बसवल्या. सांध्यांतून पाणी झिरपायला लागलं तेव्हा आबाजी पहिल्यांदा भिंतीकडून वळला. होडीच्या फटी बुजवतात तसा कापूस आणि राळ तेलात घोटून त्याने सांधे भरले आणि पुन्हा वळून बसला. मुंबईहून कारखान्याचा माल आणणारा नवाब ड्रायव्हर खंडाळ्याचा घाट उतरून-चढून दमलेला असे, तरी त्याने चार मोठाले काचेचे बाटले भरून समुद्राचं पाणी, गोणीभर वाळू आणि ट्रकची जुनी ट्यूब आणून दिली. ट्यूबला रबरी नळी जोडायची, नळीला चिमटा लावायचा आणि सायकलच्या पंपाने ट्यूब फुगवायची, की दोनेक तास पाण्यात बुडबुडे चालू. पंप मारून बघतानाच अंबूचे खांदे भरून आले.

"अवो, माणसांला श्वास घ्यायला फुरसद नाय, आन् माशांला हवा भरायची मी," ती म्हणाली. धाकूला हसू आलं, पण हसायचाही कंटाळा आला.

मग धाकूने आपली विद्या चालवली. समुद्राचं सगळं पाणी पातेल्यापातेल्याने उकळलं, फडक्याने गाळलं, निववलं. वाळू तीनदा उकळत्या पाण्यातून काढली, दगड साबणाने घासले. पेटी अशी लखलखली की कारखान्याच्या साहेबानेही शाबासकी दिली असती. नवाबने खाडीतून बोय माशाची आठ पिल्लं आणली. चौथ्या दिवशी ती तोंडं वर काढून धापा टाकू लागली, आणि सातव्या दिवशी शेवटचं पिल्लू उलटं तरंगलं.

धाकू पेटीसमोर मटकन बसला. पुनव तीन आठवड्यांवर आली होती. "येवढी सफाई केली, बा," तो म्हणाला, "येक जंतू ऱ्हाऊ दिला नाय. पानीसुदिक उकळलं."

"काय केलंस?" आबाजी भिंतीला धरून उठला. "दर्या उकळलास?" त्याने पेटीच्या तळाकडे बोट केलं. "अरं दर्या घाणीवर जगतो! माशाची घाण वाळू खाते, शेवाळ खातं. तू त्येचं पोटच मारलंस. कोळ्याचा ना रं तू?"

धाकूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सहा महिन्यांत बाप एवढं पहिल्यांदाच बोलला होता, हेही त्याच्या ध्यानात आलं.

पुढचे हुकूम आबाजीचे. नवाबला त्याने समोर बसवून पढवलं, "भरतीचं पानी आन, भाऊ. पावसात वरचं पानी गोडं आसतंय, बाटला खोल बुडव. वाळू भिजलेलीच आन, धुवू नको. आन् कालवं-शिंपले चिकटलेला दगड."

"आणतो, आबाजी. दर्या माझ्या गाडीत बसायला शिकलाय आता," नवाब म्हणाला.

पाणी आलं ते गढूळ, वासाचं. धाकूचे हात शिवशिवत होते, पण आबाजीने त्याला पेटीला बोट लावू दिलं नाही. पंधरा दिवस आत नुसता दगड आणि शेवाळ. मग दोनच पिल्लं सोडली. ती जगली. पाणी आटलं की नवं कधी घालायचं, चारा किती टाकायचा, सगळं म्हातारा बघू लागला. पंपही त्यानेच अंबूच्या हातून काढून घेतला.

पुनवेच्या सकाळी आबाजीने धुतलेला सदरा घातला. नारळाला हळदकुंकू लावून तो हातात घेतला आणि पेटीसमोर उभा राहिला. शिफ्टवरून आलेला धाकू दारातच थांबला. दोन महिन्यांची सगळी वणवण या एका घटकेसाठी होती. म्हाताऱ्याने नारळ उचलला आणि पुन्हा खाली घेतला.

"नाय," तो म्हणाला. "दर्याला नारळ देत्यात तो खवळू नये म्हणून. हा बिचारा काय खवळनार? ह्येलाच आपन कोंडून ठेवलाय."

बाहेर नवाबचा ट्रक मुंबईला निघायच्या तयारीत होता. आबाजी काठी टेकत त्याच्याकडे निघाला, आणि धाकूला वाटलं, आता हा गाडीत चढणार. त्याला अडवायचंही बळ धाकूच्या अंगात उरलं नव्हतं.

आबाजीने नारळ नवाबच्या हातात दिला.

"येवढा दर्यात सोड, भाऊ. आन् त्येला सांग, आबाजीला यंदा जमत नाय. घरात जित्राब हाय."

धाकूने मान खाली घातली. आबाजी परत आला, त्याच्या अंगावरून आत गेला आणि पंप मारायला बसला.